एक घमेलं राख

एकतीस वर्षं मी सरकारी पगारावर ठोकळे फोडले. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे कोट आणि काचेची भांडी येतात. आमची प्रयोगशाळा म्हणजे नगरातलं एक पत्र्याचं गोदाम, त्यात पाण्याच्या दोन टाक्या, हातानं दांडा मारून चालवायचं एक दाबयंत्र आणि कायम घशात बसलेली सिमेंटची धूळ. मी स्थापत्याचा डिप्लोमा केलेला, आणि त्या गोदामात कामाला असलेली एकटी बाई. हजेरीपुस्तकात माझं नाव गाडेकर होतं. बाहेर मात्र ‘ठोकळेवाल्या बाई’.

कामाचं स्वरूप सोपं आहे. कुठे सरकारी स्लॅब पडला की (आमच्या भाषेत स्लॅब पडला म्हणजे ओतला, कोसळला तर त्याला ‘गेला’ म्हणतात) त्याच मालातून सहा इंची लोखंडी साचे भरायचे. दुसऱ्या दिवशी साचा सोडवून ठोकळे पाण्यात ठेवायचे. तीन ठोकळे सातव्या दिवशी फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या दिवशी. दांडा मारत राहायचं, काटा चढत जातो, आणि एका क्षणी फट्ट आवाज होतो. काटा जिथवर गेला तो आकडा लिहायचा. चांगला ठोकळा फुटला की मधे डमरूसारखा आकार उरतो. वाईट ठोकळ्याचा नुसता भुगा होतो.

आता यात गंमत काय, तर माणसांची. एका ठेकेदाराचे ठोकळे हळदीकुंकू लावून, वर झेंडूचं फूल ठेवून यायचे. मी फूल काढून यंत्राच्या कडेला ठेवायची आणि दांडा मारायची. दुसऱ्या एकाचे ठोकळे इतके मजबूत असायचे की यंत्र कण्हायचं. त्याच्या स्लॅबमधून पहिल्याच पावसात पाणी गळायचं. ठोकळे तो घरच्या अंगणात वेगळे बनवायचा, सिमेंट हात सैल सोडून घालून. मी एकदा अहवालात लिहिलं की हा ठोकळा त्या स्लॅबचा नातेवाईक दिसत नाही. साहेबांनी ते वाक्य खोडलं.

असल्या गमती लिहून पानं भरता आली असती. गेल्या वर्षीपर्यंत मीही तेच करणार होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे देशमाने साहेब आले. उपअभियंता, तरतरीत माणूस, टेबलावर कायम एखादं उघडं पुस्तक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “बाई, सिमेंट कशाचं होतं?”

मी म्हटलं, चुनखडीचं.

“आणि चुनखडी भाजल्यावर तिचं वजन कमी का होतं?”

आमच्या आजोळी चुन्याची भट्टी होती. गाडीभर दगड आत जायचे आणि जेमतेम अर्ध्या गाडीच्या वर चुना निघायचा, हे मी लहानपणी पाहिलेलं. पण उरलेलं कुठे गेलं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. साहेब म्हणाले, हवेत गेलं. दगडात कोंडलेला कार्बनचा वायू सुटून वर गेला. शिवाय भट्टीत कोळसा जाळला, त्याचा धूर वेगळा. प्रत्येक पोत्यामागे एवढा वायू आपण वर सोडतो आणि पृथ्वी तापवतो. त्या काळात नगरात गॅस म्हटलं की लोक सिलिंडरचा नंबर कधी लागेल ते विचारायचे. हवेतल्या वायूची काळजी करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. खरं सांगते, मी भारावले.

साहेबांचा उपाय होता राखेचा. नाशिककडच्या वीज केंद्रात कोळसा जळतो, त्याची पिठासारखी मऊ, करडी राख धुराड्यात धरली जाते. तिचे डोंगर साठले होते, कुणाला नको होते. काँक्रीटमधलं पाचातलं एक घमेलं सिमेंट काढून तिथे ही राख घालायची. तेवढी भट्टी कमी पेटेल, तेवढा वायू कमी सुटेल.

मी तीन महिने ठोकळे केले. सातव्या दिवशी राखेचा ठोकळा साध्यापेक्षा मागे पडला. अठ्ठाविसाव्या दिवशी जवळपास बरोबरीला आला. नव्वदाव्या दिवशी मी दांडा मारत गेले तर काटा साध्या ठोकळ्याच्या आकड्यापाशी थांबलाच नाही, पुढे गेला. मी एकटीच होते, तरी मोठ्यानं हसले. राखेचं काँक्रीट सावकाश पिकतं. त्याला वेळ आणि पाणी दिलं तर ते पुढे निघून जातं. हे मी माझ्या हातानं सिद्ध केलं होतं आणि त्याचा मला गर्व होता. हा गर्व लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

साहेबांनी दोन छोटी कामं प्रयोगासाठी निवडली, दोन्ही श्रीरामपूरच्या बाजूला. एक कालव्यावरची मोरी, म्हणजे लहानसा पूल, आणि तिच्यापासून मैलभरावर एका वस्तीतलं समाजमंदिर. मिस्त्र्यांना द्यायला सूचनांचा कागद हवा होता. साहेब म्हणाले, ‘फ्लाय अॅश’ लिहा. मी अडून बसले. म्हटलं, मिस्त्र्याला काय कळणार ते, सरळ मराठीत ‘राख’ लिहू. साहेब हसले आणि म्हणाले, तुमची मर्जी.

तो कागद घेऊन आम्ही तीन मिस्त्र्यांकडे गेलो आणि तिघांनीही नाही म्हटलं. राख नदीत सोडतात, डोक्यावरच्या छपरात कोण घालतं? एकानं तर कागद हातात घेतल्यावर हात धुतला. चौथे भेटले साळवे मिस्त्री. त्याच समाजमंदिराच्या वस्तीत राहणारे. वस्ती बौद्धांची, वडिलांच्या पिढीत धर्म बदललेली. साळवे मिस्त्री सातवीपर्यंत शिकलेले, खिशाला पेन लावणारे, अंगानं काटक. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “राखंला राख म्हनलं ह्ये बरं केलं ताई. आमी असलं काय मानीत न्हाई. राखंला भ्यायचं कशाला?”

मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी साहेबांकडे विजयानं पाहिलं. माझ्या मराठीची जीत झाली होती.

समाजमंदिराचं उद्घाटन बुद्धपौर्णिमेला ठरलं होतं, म्हणून स्लॅब चैत्रात पडायलाच हवा होता. साळवे मिस्त्र्यांनी भिंती अशा बांधल्या होत्या की ओळंबा लावणाऱ्याला लाज वाटावी. आपल्या माणसांचं काम, त्यामुळे मजुरांवर आवाजही चढवत नव्हते. स्लॅबच्या आदल्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतला फोन वाजला. मिस्त्री गावातल्या एसटीडी बूथवरून बोलत होते.

“ताई, राखंचा ट्रक आला न्हाई. हितं जवळच मिळंल, आनू का?”

माझ्यासमोर त्या दिवशी अठरा ठोकळे फोडायचे पडले होते. जवळ म्हणजे मोरीवर, असं मी धरलं. तिथे साहेबांनी राखेची पोती आधीच उतरवली होती. मी म्हटलं, “आणा की. राखच ती. फक्त चाळून घ्या.”

“व्हय, चाळूनच घेतो,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मोरीवरच्या पोत्यांची साळवे मिस्त्र्यांना कल्पनाही नव्हती. त्यांना कोण सांगणार? त्यांना दिसत होता तो साखर कारखान्यामागचा ढीग. उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जाळून उरलेली काळी, भुसभुशीत, अर्धवट जळलेली राख. कारखाना ती फुकट न्या म्हणत होता. कागदावर ‘राख’ लिहिलेलं होतं, फोनवर ताई ‘राखच ती’ म्हणाल्या होत्या. बैलगाडीनं राख आली. वस्तीतल्या बायकांनी ती घरच्या गव्हाच्या चाळण्यांनी चाळली. चार घमेली सिमेंट, एक घमेलं राख, कागदावर होतं तसंच. ती राख पाणी पीत होती, म्हणून मजुरांनी पाणी वाढवलं. माल मऊ झाला, लावायला सोपा गेला.

पुढचे एकवीस दिवस स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवायचं होतं. तेही मी कागदावर लिहिलं होतं, एकवीसला दोनदा अधोरेखित केलं होतं. चैत्र-वैशाखातलं श्रीरामपूर, वस्तीला एकच हापसा. रोज सकाळ-संध्याकाळ बायका कळशीनं पाणी वर चढवायच्या. साळवे मिस्त्र्यांची आई सत्तरीची, तीही एक कळशी न्यायची. एकवीस दिवसांत एकही दिवस चुकला नाही. जे कधीच पिकणार नव्हतं, त्याला ती वस्ती पाणी पाजत होती.

मधे सातव्या दिवसाचे ठोकळे माझ्याकडे आले. आता माझ्या गर्वाचं काम सुरू होतं. ठोकळे फारच हलक्या आकड्याला फुटले. आतून नेहमीपेक्षा काळसर दिसत होते. दुसरं कुठलं काँक्रीट असतं तर मी तिथल्या तिथे काम थांबवलं असतं. पण हे माझं राखेचं काँक्रीट होतं. ते सातव्या दिवशी मागे राहतंच, हे साऱ्या जिल्ह्यात फक्त मला ठाऊक होतं. मी शेऱ्यात लिहिलं, ‘अपेक्षेप्रमाणे.’ ज्याला काही येत नव्हतं असा कुणीही त्या जागी असता, तर घाबरला असता आणि वस्तीच्या स्लॅबमधला दोष वेळेत लक्षात आला असता.

बाविसाव्या दिवशी खालच्या बल्ल्या आणि फळ्या काढल्या. दुपारपर्यंत स्लॅबच्या पोटाला झोळ आला. संध्याकाळी भेगा पडल्या आणि एका कोपऱ्यातून ढलपे सुटले. साळवे मिस्त्र्यांनीच माणसं बाहेर काढली, म्हणून कुणाला खरचटलंही नाही. तीन दिवसांनी आम्ही पाहायला गेलो. साहेबांनी हातोडी मारली तेव्हा काँक्रीटमधून काळा चुरा पडला. तो मी बोटांवर घेतला आणि मला सगळं समजलं.

वस्ती भोवती उभी होती. त्या कामाचा ठेकेदार मोठ्यानं सांगत होता की मिस्त्र्यानं सिमेंट विकून खाल्लं आणि त्याच्या जागी राख कोंबली. राख तर समोर दिसतच होती.

साहेबांनी विचारलं, “साळवे, कारखान्याची राख टाकायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

साळवे मिस्त्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. सदऱ्याच्या वरच्या खिशातून पेनामागची घडी काढली आणि साहेबांच्या हातात दिली. माझा कागद. घामानं कडा मऊ झालेल्या, पण अक्षर स्वच्छ. साहेबांनी तो वाचला, पुन्हा घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवला. म्हणाले, चौकशीत बघू.

मी तिथे सहा फुटांवर उभी होते. ‘राख मी लिहिलं, फोनवर मीच हो म्हटलं’ एवढंच बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही बुडाल, मी बुडेन आणि राखेचा प्रयोग कायमचा बुडेल. मिस्त्र्याचं काय, त्याला दुसरं काम मिळेल.” पुढे कोरा कागद सरकवला. मी माझ्या त्याच अक्षरात, त्याच तारखेनं सूचना पुन्हा लिहिल्या. ‘राख’ होतं तिथे ‘वीज केंद्रातील फ्लाय अॅश’ लिहिलं. शेवटी एक ओळ वाढवली, ‘अन्य कोणतीही राख वापरू नये.’ खाली सही केली.

का केलं? मी घाबरले, एवढंच कारण आहे. पृथ्वी वाचवण्यासाठी केलं असं त्या रात्री स्वतःला सांगून पाहिलं, पण ते मलाच पटलं नाही.

अहवालात आलं की मिस्त्र्यानं लेखी सूचना डावलून परस्पर निकृष्ट माल वापरला. त्यांना खात्याच्या कामावर कुठेही उभं करू नये असं पत्र निघालं. समाजमंदिर पाडलं. त्या बुद्धपौर्णिमेला वस्तीनं उघड्यावर वंदना घेतली. साळवे मिस्त्र्यांना ‘राखमिस्त्री’ नाव पडलं, तेही परक्यांनी नाही, ज्यांच्या बायकांनी पाणी वाहिलं होतं त्यांनी ठेवलं. वर्षाच्या आत ते आईला घेऊन भिंगारला आले आणि छावणीच्या बाजूला गिलाव्याची किरकोळ कामं करू लागले. स्लॅबला पुन्हा हात लावला नाही.

आणि ज्या प्रयोगासाठी हे सगळं केलं म्हणायचं, तो तरी वाचला का? आमच्या भागात पुढे कित्येक वर्षं राखेचं नाव काढायची चोरी झाली. मोरीवरची पोती तिथेच भिजून दगड झाली. वीज केंद्रातले डोंगर वाढत राहिले, सिमेंटच्या भट्ट्या पेटत राहिल्या.

मग केव्हातरी कंपन्यांनीच कारखान्यात ती राख सिमेंटमध्ये दळून पोत्यांत भरायला सुरुवात केली. पोत्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. आज केडगावात माझ्या घरासमोर बंगला होतोय, त्याचं प्रत्येक पोतं तसलंच आहे. राखेच्या नावानं हात धुणाऱ्या मिस्त्र्यांचे मुलगे तेच सिमेंट नावानं मागून घेतात. तिला राख म्हणत नाहीत एवढंच.

गेल्या वर्षी देशमाने साहेबांचा सत्कार झाला. पर्यावरणपूरक बांधकामाचे आद्य पुरस्कर्ते म्हणून. निवृत्त मंडळींना निमंत्रण होतं, मी तिसऱ्या रांगेत बसले. साहेब छान बोलले. पहिल्या प्रयोगाचा किस्सा सांगितला. “एक अडाणी मिस्त्री होता. फ्लाय अॅश सांगितली तर पठ्ठ्यानं साखर कारखान्याची राख आणून टाकली!” सभागृह हसलं. माझ्या शेजारची बाई माझ्याकडे पाहून हसली आणि सवयीनं माझेही ओठ हलले.

घरी आल्यावर मला ते सहन होईना. साळवे मिस्त्री अडाणी नव्हते. त्यांनी कागद वाचला, म्हणूनच ते वाचले नाहीत.

पुढच्या आठवड्यात विचारत विचारत भिंगारला गेले. दोन खोल्यांचं घर, दाराशी चपला नीट लावलेल्या. मिस्त्री आता ऐंशीच्या घरात, पण मला ओळखलं. बसायला खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी सगळं बोलून टाकलं. दुसरा कागद मी लिहिला, तेसुद्धा. ते जमिनीकडे बघत ऐकत होते.

मग म्हणाले, “दुसरा कागद निघाला ह्ये मला ठावं हुतं. चौकशीत वाचून दावला ना. अक्षर तुमचंच हुतं.”

चहा आला.

“मला काम न्हाई मिळालं त्याचं काय वाटत न्हाई ताई. गिलावा बी कामच हाय. पर माझी आई मरेस्तोवर मला इचारीत हुती, खरं सांग, तू शिमिट इकलं हुतंस का. एकवीस दिस पानी वाहिलं तिनं. मी म्हनायचो, आये, कागदावर राख लिवली हुती. ती म्हनायची, मंग दाव की कागद.”

मी म्हटलं, मी आता लिहून देते. वस्तीत येते, सगळ्यांसमोर सांगते.

“कुनाला सांगनार? ती मानसं ऱ्हायली न्हाईत. आय बी ग्येली.” कप खाली ठेवत म्हणाले, “तरी लिवा. पर पयला हुता तसाच लिवा. फ्लाय अॅश नगं. राखच लिवा.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी माफी मागितलीही नाही, मागायला तोंड नव्हतं. निघताना त्यांनी दारापर्यंत सोडायला येण्याचे कष्ट घेतले नाहीत, आणि ते मला बरं वाटलं.

पहिला कागद साहेबांच्या खिशात गेला तो परत दिसला नाही. पण त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. खाली देते आहे. अक्षर छापखान्याचं आहे, मजकूर माझा.

*मिस्त्री यांस सूचना. समाजमंदिराच्या स्लॅबसाठी चार घमेली सिमेंटास एक घमेलं राख घ्यावी. राख चाळून घ्यावी. स्लॅबवर एकवीस दिवस पाणी ठेवावे, एकही दिवस चुकवू नये. फळ्या त्यानंतरच काढाव्यात.*

साळवे मिस्त्र्यांनी यातलं सगळं केलं.